मोटारीच्या रंगाचा योगक्षेम

संस्कृत भाषेंत योगक्षेम असा एक जोडशब्द आहे. जें आपणांजवळ नाहीं तें मिळविणें याचें नांव योग, आणि जें मिळालें आहे तें राखणें याचें नांव क्षेम. ३८ वर्षें शाळेंत मुलांना हा समास सोडवून दाखवितांना आम्ही फळ्यावर दोन्ही पदें सारख्याच अक्षरांत लिहीत असूं. पण आमचें बोलणें मात्र बहुतेक पहिल्या पदाविषयींच होत असे. मिळविण्याच्या गोष्टी मुलांना आवडतात, राखण्याच्या आवडत नाहींत. दुसऱ्या पदाचा अर्थ आम्हांस पुरता कळला तो सेवानिवृत्तीनंतर, आणि तोहि एका मोटारीपाशीं. ती हकीकत, व तिच्यापासून आम्हीं घेतलेला धडा, वाचकांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

आमचें भडगांव हें जळगांव जिल्ह्यांतील गिरणाकांठचें तालुक्याचें गांव. भोंवतालीं कपाशीची काळी जमीन, नदीच्या पात्रांत वाळू, रस्त्यांवर खडीचा चुरा, आणि उन्हाळ्यांत पारा ४४-४५ अंशांवर चढलेला. वैशाखांत दुपारीं वावटळ उठली म्हणजे ओसरीवरच्या पाटावर बोटानें अक्षर काढतां येईल इतकी धूळ घटकाभरांत बसते. अशा गांवीं आमच्या मुलानें, नोकरीनिमित्त परदेशीं जातांना, आपली गडद निळ्या रंगाची मोटार आमच्या स्वाधीन केली. "नाना, गाडी वापरीत जा. आईला जळगांवला डॉक्टरांकडे न्यायला उपयोगी पडेल," एवढेंच तो बोलला. आम्हीं मात्र ती वस्तु वापरण्यासाठीं दिलेली न मानतां सांभाळण्यासाठीं दिलेली ठेव मानली. ठेव जशी घेतली तशीच परत करावयाची, हा आमच्या घरचा जुना दंडक.

त्या दिवसापासून आमचा नित्यक्रम ठरून गेला. प्रातःकाळीं स्नानसंध्या आटोपली कीं एक स्वच्छ, कोरडें फडकें घेऊन आम्ही मोटारीजवळ जात असूं आणि छपरापासून चाकापर्यंत तिच्यावरील धूळ पुसून काढीत असूं. फळा पुसण्याची संवय हातांत होती. तोच हात, तीच गोलाकार गति. पाण्याचा थेंब खर्ची पडत नसे, पैसा लागत नसे, आणि पांच-सात मिनिटांत मोटार लख्ख होत असे. शेजारीपाजारी कौतुक करीत. आमच्या कुटुंबानें एकदां म्हटलेंहि, "अहो, हल्लीं देवांपेक्षां त्या गाडीचीच पूजा लांबते." आम्हांस तो टोमणा न वाटतां प्रशस्तिपत्र वाटलें.

दोन वर्षांनीं मुलगा दिवाळीस घरीं आला. पाडव्याच्या सकाळीं कोंवळें ऊन मोटारीवर तिरपें पडलें होतें. तो बॉनेटजवळ उभा राहिला आणि बराच वेळ कांहीं बोलेना. आम्हीं जवळ जाऊन पाहिलें. निळ्या रंगावर, सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं, कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक ओरखड्यांचीं वर्तुळें उमटलीं होतीं. छपरावर तेंच, दारांवर तेंच. "नाना, धूळ बसली होती तर बसूं द्यायची होती," तो हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें.

त्याची सुट्टी संपण्यापूर्वीं आम्हीं मोटार जळगांवास नेऊन तिला यंत्रानें पॉलिश करून घेतलें. खर्च ४,५०० रुपये आला, व तो आम्हीं हट्टानें आपल्या निवृत्तिवेतनांतून दिला. पॉलिश करणारा कारागीर तरुण, पण आपल्या विद्येंत मुरलेला होता. काम सुरू करण्यापूर्वीं त्यानें एक लहानसें यंत्र पत्र्याला ठिकठिकाणीं लावून रंगाची जाडी मोजली व आंकडे कागदावर टिपून घेतले. सायंकाळीं मोटार आरशासारखी झाली. आम्हीं त्याची वाहवा करतांच तो म्हणाला, "गुरुजी, ही चमक मीं वरून लावलेली नाहीं. ओरखडे जितके खोल होते तितका थर मीं उतरविला, इतकेंच. असें आणखी एक-दोन वेळां करतां येईल. त्यापुढें मला नका बोलावूं, रंगाऱ्याला बोलवा."

परततांना आमच्या डोळ्यांपुढें मोटार नव्हती. देव्हाऱ्यांतील कुलदेवतेचा चांदीचा टाक होता. हा टाक आमच्या पणजीच्या वेळचा. आजी, आई आणि मग आमचें कुटुंब, अशा तीन पिढ्यांनीं तो दर सणाला राखेनें, रांगोळीनें आणि पुढें बाजारच्या पुडीनें घासला. आज त्या टाकावर देवीला नाक नाहीं, डोळे नाहींत, हातांतील आयुधें कोणतीं तें ओळखूं येत नाहीं. चांदी काळी पडते ती हवेंतील गंधकयुक्त वायूंशीं तिचा संयोग होऊन. त्या काळ्या थरांत चांदीचाच अंश असतो. तो थर घासून काढला कीं तितकी चांदीच घासून काढली. यांत कोणी निष्काळजीपणा केला नव्हता. उलट ज्या बायांनीं त्या देवीला सर्वांत अधिक जपलें, त्यांच्याच हातांनीं तिचें रूप झिजलें. आम्हींहि मोटारीचें तेंच केलें होतें.

हें असें कां होतें तें कळण्यास मोटारीच्या रंगाची रचना ठाऊक असली पाहिजे. कारखान्यांत पत्र्यावर प्रथम फॉस्फेटच्या द्रावणाची प्रक्रिया करतात. मग गंज चढूं नये म्हणून विजेच्या साहाय्यानें एक अस्तर चढवितात. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारें दुसरें अस्तर. त्यावर निळा, तांबडा, पांढरा जो असेल तो रंग. आणि सर्वांत वर एक रंगहीन, पारदर्शक थर, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. हे सारे थर मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पैकीं वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनांचा, म्हणजे सामान्यतः डोक्याच्या केंसाहूनहि पातळ. मोटारीची चकाकी ती या थराची. आणि उन्हांतील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वांचविणारीं द्रव्येंहि याच थरांत मिसळलेलीं असतात. यंत्रानें एकदां नीट पॉलिश केलें म्हणजे यांतील दोन-चार मायक्रॉन जातात, ओरखडे खोल असल्यास अधिक. गेलेला थर पुन्हां वाढत नाहीं. तो फार पातळ झाला म्हणजे ऊन खालपर्यंत पोंचतें, छपरावर व बॉनेटवर पांढरट चट्टे पडतात, पापुद्रे सुटूं लागतात, आणि मग नव्या रंगावांचून उपाय राहत नाहीं.

जुन्या मोटारींत ही झीज निदान डोळ्यांस दिसत असे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट, जी पुढें पद्मिनी या नांवानें घरोघरीं ठाऊक झाली, ती आमच्या पिढीनें पाहिली आहे. मुंबईंत टॅक्सी म्हणून तिची मुदत २०२३ सालच्या ऑक्टोबरांत संपली. तशा जुन्या मोटारींवर बहुधा पारदर्शक थर नसे; रंग हाच वरचा थर. तिला पॉलिश करूं लागलें कीं फडकें गाडीच्या रंगाचें होई. निळ्या गाडीला निळें, तांबड्या गाडीला तांबडें. फडकें पाहूनच मालक हात आंवरीत असे. आजच्या मोटारीला कितीहि घासा, फडक्यास तिचा रंग लागत नाहीं; कारण जें जातें तें रंगहीन असतें. म्हणून नव्या मोटारीचा मालक अधिक फसतो. चमक वाढलेली त्यास दिसते, थर घटलेला दिसत नाहीं.

तेव्हां पॉलिश झाल्यावर मोटारीची जी निगा राखावयाची तिचा हेतु एकच, कीं पुन्हां पॉलिश करण्याची पाळी शक्य तितकी लांबवावी. हें काम पैशांपेक्षां रीतीचें आहे, व ती रीत कोणाहि मध्यम स्थितींतील गृहस्थास साधण्यासारखी आहे.

प्रथम ओरखडे कशानें पडतात तें पाहूं. फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी श्रेणी लावली. तींत हिऱ्याचा कठीणपणा १० व वाळूंतील गारगोटीचा ७ आहे. खिडकीची कांच त्याच श्रेणीनें मोजली तर साधारण ५.५ भरते. मोटारीचा वरचा थर हा शेवटीं राळेच्या जातीचा पदार्थ, कांचेहून पुष्कळ मऊ. गिरणेची वाळू व खडीचा चुरा त्यावर बसला असतां कोरडें फडकें फिरविणें म्हणजे कांचकागदानें घासणें होय. धूळ आपल्या जागीं बसून कांहीं करीत नाहीं. तिला सरकविणारा हात तें करतो. ओरखडे वस्तुतः सर्व दिशांनीं असतात, परंतु प्रकाशाच्या प्रतिबिंबाला वेढा घालतील असे जे पडलेले असतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्यांस वर्तुळें भासतात.

यावरून पहिला व मुख्य नियम निघतो तो असा, कीं धूळ बसलेल्या मोटारीस कोरडें फडकें कधींहि लावूं नये. मऊ दोऱ्यांचे किंवा पिसांचे झाडू बाजारांत मिळतात, तेहि आमच्याकडील धुळीस नकोत. धूळ असह्य झाली तर पाणी घालावें. पाणी नसेल तर ती तशीच राहूं द्यावी. धुळीनें माखलेली मोटार लाजिरवाणी दिसते खरी. पण धूळ धुऊन जाते, ओरखडा जात नाहीं.

धुण्याची आमची रीत आतां अशी आहे. आठ-दहा दिवसांतून एकदां, भल्या सकाळीं किंवा दिवस मावळतांना, पत्रा हातास थंड लागत असेल तेव्हां, मोटार सावलींत उभी करावी. प्रथम झारीनें वरून खालीं पाणी सोडून धूळ भिजवावी व वाहून जाऊं द्यावी. या वेळीं तिला हात लावूं नये. मग दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीसाठीं मिळणारा सौम्य शाम्पू बाटलीवर दिलेल्या प्रमाणांत कालवावा. दुसरींत साधें पाणी असूं द्यावें. मायक्रोफायबरचा जाड, लवदार हातमोजा शाम्पूंत बुडवून एक भाग धुवावा, मग तो दुसऱ्या बादलींत खळबळून माती सोडवावी, आणि मगच पुन्हां शाम्पूंत घालावा. दोन बादल्यांचें प्रयोजन एवढेंच, कीं काढलेली माती परत रंगावर जाऊं नये. हात सरळ रेषेंत चालवावा, गोल फिरवूं नये. आधीं छप्पर, मग कांचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि सर्वांत शेवटीं चाकांजवळचा खालचा भाग, हा क्रम मोडूं नये. कारण खरखरीत माती बहुतेक खालींच असते. या रीतीनें तीन-चार बादल्यांत काम उरकतें. नळी सोडून ठेवली तर मिनिटास दहा-पंधरा लिटर पाणी सहज वाहून जातें, आणि उन्हाळ्यांतील पाणीटंचाई खानदेशास नवी नाहीं.

आमच्या कुटुंबानें या विधीची व्यवस्था एका वाक्यांत लावून दिली आहे. छपराचें फडकें सोंवळ्याचें आणि चाकांचें ओंवळ्याचें! विनोद खरा, पण याहून सोपा नियम आम्हांस सांगतां येणार नाहीं. चाकांचें फडकें वेगळ्या खुंटीस टांगावें. जमिनीवर पडलेलें फडकें पुन्हां धुतल्यावांचून रंगास लावूं नये. हीं फडकीं घरच्या सुती कपड्यांबरोबर धुऊं नयेत, सुताचे तंतू त्यांत अडकतात. कपडे मऊ करणारें द्रव्यहि त्यांस नको, त्यानें पाणी टिपण्याचा गुण कमी होतो. जुन्या धोतराचें मऊ फडकें आमच्या पिढीस फार प्रिय. परंतु सपाट विणीच्या वस्त्रांत कणाला शिरावयास जागा नसते, तो रंगावर ओढला जातो. मायक्रोफायबरच्या लवेंत तो आंत उचलला जातो. धोतराचें फडकें आंतील बैठकी पुसण्यास ठेवावें. तसेंच भांडीं घासण्याचा साबण किंवा कपड्यांची पूड मोटारीस वापरूं नये. वंगण काढणें हा त्यांचा धर्म, आणि रंगावर लावलेलें मेणहि त्यांच्या लेखीं वंगणच.

पाण्याविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे. आमच्याकडे पुष्कळ घरीं मोटारीच्या वांट्याला बोअरवेलचें पाणी येतें, व तें बहुधा जड असतें. म्हणजे त्यांत कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ज्यांत डाळ लवकर शिजत नाहीं व ज्यानें बंबाला आंतून पांढरें कीट धरतें तें हेंच पाणी. त्याचा थेंब रंगावर वाळला तर पाणी उडून जातें व क्षारांचें वलय मागें उरतें. पत्रा तापलेला असला तर तें वलय वरच्या थरास डसतें. म्हणून धुतलेली मोटार आपोआप वाळूं देऊं नये. मोठ्या लवदार फडक्यानें पाणी टिपून घ्यावें, घासूं नये. कित्येक घरीं आर. ओ. यंत्रांतून बाहेर पडणारें टाकाऊ पाणी काटकसर म्हणून मोटारीस वापरतात. काटकसर स्तुत्य, पण तें पाणी मुळापेक्षां अधिक क्षारयुक्त असतें. त्यानें अंगण धुवावें, मोटार धुऊं नये. याउलट पावसाचें पाणी जवळजवळ क्षाररहित असतें. आम्ही पावसाळ्यांत पन्हळीखालीं पिंप ठेवतों. पहिल्या सरींचें छपरावरील मळकें पाणी सोडून देतों, मागाहूनचें गाळून घेतों, डांस होऊं नयेत म्हणून घट्ट झांकून ठेवतों, आणि मोटारीवरून शेवटचा हात त्याच पाण्यानें फिरवितों. एका वेळीं अर्धी बादली पुरते. वलय पडलेंच तर पांढऱ्या व्हिनेगरमध्यें तितकेंच पाणी मिसळून, सावलींत, ओल्या फडक्यानें तें क्षणभर तेथें टेंकवावें व लगेच भरपूर पाण्यानें धुवावें. लिंबू किंवा चिंच चोळूं नये. तांब्याच्या घंगाळास जें मानवतें तें मोटारीस मानवत नाहीं.

दुसरा शत्रु पक्ष्यांची विष्ठा. अंगणांतील निंबाखालीं मोटार ठेवली तर ऊन लागत नाहीं, पण पक्ष्यांची कृपा होते. त्या विष्ठेंत यूरिक आम्ल असतें. उन्हाळ्यांत गडद रंगाचा पत्रा ६०-७० अंशांपर्यंत तापतो व वरचा थर किंचित् मऊ होतो. अशा वेळीं ती कांहीं तासांतच कायमची खूण उमटवूं शकते. दिसतांच ती काढावी, पण खरवडूं नये. ओलें फडकें तिच्यावर पांच-दहा मिनिटें ठेवून ती भिजवावी, आणि अलगद उचलून घेऊन जागा धुवावी. केळीच्या चिकाचेंहि तेंच. जळगांव जिल्ह्यांत मोटारींतून केळीचा घड न्यावयाचा प्रसंग कोणास येत नाहीं? चीक ओला आहे तोंच पाण्यानें काढला तर निघतो. वाळून काळा पडल्यावर फार त्रास देतो. याकरितां आम्ही मोटारींत एक पाण्याची बाटली व एक स्वच्छ फडकें सदैव ठेवतों.

आतां मेणाविषयीं. पॉलिश झाल्यावर उघड्या थरावर मेणाचें किंवा कृत्रिम सीलंटचें पातळ आवरण द्यावयाचें असतें. हेतु असा, कीं ऊन, पाणी व मळ यांची पहिली झळ त्या आवरणानें सोसावी. मेण गेलें तर पुन्हां लावतां येतें. या कामीं नांवाजलेलें मेण म्हणजे कार्नोबा. ब्राझील देशांतील एका जातीच्या ताडाच्या पानांवर तें धरतें, व सुमारें ८२ ते ८६ अंशांस वितळतें. आपलें मधमाशांचें मेण ६२ ते ६४ अंशांसच वितळतें. वैशाखांत आमच्याकडील पत्र्यावर तें टिकणें कठीण. आमच्या अनुभवास आलें तें असें, कीं उन्हाळ्यांत कार्नोबाचा लेप दीड-दोन महिन्यांत उतरतो व कृत्रिम सीलंटचा चार-सहा महिने राहतो. कोणतेंहि आवरण पातळ लावावें. जाड लावल्यानें रक्षण वाढत नाहीं, पुसतांना घासणें मात्र वाढतें. आवरण शिल्लक आहे कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. धुतलेल्या मोटारीवर पाणी शिंपडावें. अळवाच्या पानावर जमतात तसे थेंब जमले तर आवरण आहे, पाणी पसरून राहिलें तर तें गेलें. पॉलिश करून आणतांना कारागिरानें वर काय लावलें आहे, व पहिलें धुणें किती दिवसांनीं करावें, हें विचारून घ्यावें. एखादें दार नव्यानें रंगविलेलें असेल तर त्यावर निदान महिनाभर मेण लावूं नये. रंगांतील उडून जाणारे द्रव बाहेर पडण्यास अवधि लागतो.

मोटारीवर कापडी आच्छादन घालण्याची चाल आहे. धुळीच्या मोटारीवर तें घातलें व वाऱ्यानें फडफडूं लागलें, कीं त्याचाच कांचकागद होतो. तें धुतलेल्या, कोरड्या मोटारीवर, आणि वारा नसलेल्या जागेंत मात्र घालावें. त्यापेक्षां चार खांबांवर साधा पत्रा टाकून केलेली सावली बरी. हल्लीं सिरॅमिक कोटिंग नांवाचें सिलिकायुक्त आवरण करून घेण्याची फार शिफारस होते, व त्यास हजारों रुपये पडतात. तें चांगलें केलेलें असेल तर मेणापेक्षां पुष्कळ टिकतें हें खरें. परंतु तेंहि धुण्याचे श्रम चुकवीत नाहीं, आणि धुळीवरून कोरडें फडकें फिरविलें तर त्यावरहि ओरखडे पडतात. ऐपत असेल त्यानें तें अवश्य करावें. आमच्यासारख्या निवृत्तिवेतनधारकानें आधीं फडकीं घ्यावीं.

एक नाजूक विषय राहिला. खंडेनवमीस किंवा दसऱ्यास वाहनाची पूजा करणें हें आपल्या घरीं व्हावयाचेंच. बॉनेटवर ओल्या कुंकवानें स्वस्तिक काढतात, तारेंत ओंवलेली झेंडूची माळ घालतात, नारळ वाढवून त्याचें पाणी शिंपडतात. कुंकवाचे कण बोटाखालीं घासले जातात, व बाजारी कुंकवांतील कृत्रिम रंग ओलाव्यानें उतरून फिक्या रंगाच्या मोटारीवर डाग पाडतो. पूजा सोडा असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. स्वस्तिक समोरच्या कांचेच्या कोपऱ्यांत काढावें. हळदकुंकू व अक्षता विड्याच्या पानावर वाहाव्या. माळ दोऱ्याची असावी व मोटार बाहेर काढण्यापूर्वीं उतरवावी. नारळ मोटारीपासून दूर, दगडावर वाढवावा. यांत भक्तीला कोठें उणेपणा येतो असें आम्हांस वाटत नाहीं.

खर्चाचा हिशेब सांगून हें प्रकरण संपवितों. बादल्या घरच्याच. शाम्पूची बाटली ४०० रुपये, ती वर्षभर पुरली. सहा फडकीं व एक हातमोजा मिळून ७०० रुपये. सीलंटची बाटली ९०० रुपये, ती दोन वर्षें पुरली. म्हणजे पहिल्या वर्षीं २,००० रुपये व दुसऱ्या वर्षीं केवळ ४००. पॉलिशच्या ४,५०० रुपयांशीं ताडून पाहतां ही रक्कम लहान आहे. पण खरी बचत ती नव्हे. पैसे पुढल्या महिन्याच्या निवृत्तिवेतनांत पुन्हां येतात. कारागिरानें मोजून दाखविलेले मायक्रॉन येत नाहींत.

पॉलिश होऊन आतां दोन वर्षें झालीं. गेल्या दिवाळींत मुलगा पुन्हां घरीं आला. मोटारीवर चार दिवसांची धूळ होती, व ती आम्हीं मुद्दामच राहूं दिली होती. प्रवासाचा शीण न घालवितांच तो तिच्याजवळ गेला आणि लहानपणच्या संवयीनें बॉनेटवरची धूळ तळहातानें पुसूं लागणार, तोंच आम्हीं त्याचा हात धरला. "थांब. आधीं पाणी आण," आम्हीं म्हटलें. तो हंसला, आणि बादल्या आणावयास आंत गेला. त्या दिवशीं मोटार आम्हीं दोघांनीं मिळून धुतली. ऊन वर आल्यावर त्यानें वांकून पाहिलें. दाराच्या मुठीजवळ नखांचे दोन-तीन नवे ओरखडे होते, वर्तुळें नव्हतीं.

टाकाचीहि व्यवस्था आम्हीं बदलली आहे. तो आतां घासावयाचा नाहीं असें घरांत ठरलें. वर्षांतून एकदां, नवरात्राच्या आधीं, एका कांचेच्या भांड्याच्या तळाशीं अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद पसरून त्यावर टाक टेंकवितों, कढत पाणी ओततों व त्यांत चमचाभर खाण्याचा सोडा घालतों. काळ्या थरांतील गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातें, आणि चांदी चांदीच्या ठायीं राहते. रत्नें किंवा लाख असलेल्या दागिन्यांस मात्र हा उपाय करूं नये. आमच्या कुटुंबानें पहिल्यांदां हें पाहिलें तेव्हां ती बराच वेळ टाक हातांत घेऊन बसली होती. "सासूबाईंना हें ठाऊक असतें तर देवीचा चेहरा राहिला असता हो," ती म्हणाली. देवीचा चेहरा आतां परत येणार नाहीं. पण मुकुटाची कड आणि पायांजवळची एक रेघ अजून ओळखूं येते. तेवढी तरी नातवंडांच्या हातीं तशीच द्यावी, एवढीच आतां इच्छा आहे.